वाचक विचारतात : साप पुढे जातो तो पकडीच्या जोरावर

मागच्या अंकात ढिगाऱ्यात शिरणाऱ्या सापासारख्या रोबोटवर एक पान दिलं होतं, त्यात एक वाक्य होतं की साप वळवळतो म्हणून पुढे जातो. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आले की अख्खं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. आणि आधी एक दुरुस्ती, ते वाक्य अपुरं होतं. नुसतं वळवळून कुणी पुढे जात नाही, गळाला लावलेला गांडूळपण वळवळतोच की. साप जमिनीला कुठेतरी धरतो आणि कुठेतरी सोडतो, आणि हे धरणं-सोडणं तो अंगभर एका लयीत करतो, म्हणून तो पुढे जातो. खालच्या सगळ्या उत्तरांत हीच गोष्ट फिरून फिरून येणार आहे, कारण रोबोट बनवणाऱ्यांची गाडीसुद्धा बहुतेक वेळा इथेच अडते.

आमच्या पडवीत नवीन गुळगुळीत टाइल्स बसवल्यात. परवा एक धामण आत आली आणि फरशीवर नुसती वळवळत राहिली, जागची हलेना. हीच धामण परसातल्या गवतातून बघता बघता नाहीशी होते. ती आजारी होती का? (चिपळूणहून)

आजारी अजिबात नव्हती, तिला धरायला काही मिळत नव्हतं एवढंच.

गवतात काय होतं ते आधी बघू. सापाच्या एका बाजूचे स्नायू आखडतात, दुसऱ्या बाजूचे सैल होतात, म्हणून अंगाला वळण पडतं, आणि ते वळण मानेकडून शेपटीकडे सरकत जातं. वाटेत दगड असतो, गवताचा बुडखा असतो, ढेकूळ असतं, त्याला अंगाची बाजू टेकते आणि तिरकी मागे रेटते. डावीकडचा रेटा आणि उजवीकडचा रेटा आडव्या दिशेने एकमेकांना खाऊन टाकतात आणि पुढे ढकलणारा भाग तेवढा शिल्लक राहतो. खाडीत होडीवाला बांबू तळाला रोवून होडी ढकलतो ना, तसंच, फक्त इथे बांबू एक नसून अंगाचं प्रत्येक वळण हाच बांबू. केंब्रिजच्या जेम्स ग्रे यांनी १९४६ मध्ये यावर मोठा निबंध लिहिला, त्यांनी सापांना खुंट्या ठोकलेल्या पाटावरून आणि वाकड्या पन्हळींमधून जायला लावून हे बल कुठे कसं लागतं ते दाखवलं. असं रेटून पुढे जायला निदान तीन ठिकाणी आधार लागतो, हेही त्यातूनच पुढे आलं.

पण मग प्रश्न येतो की जिथे दगड नाही, ढेकूळ नाही, नुसतीच खरखरीत सपाट जमीन आहे तिथे साप कसा जातो? कारण जातो तर खरंच. इथे मला आपलं कुसळ आठवतं. गवतातून चालताना कुसळ पायमोज्यात घुसलं की ते वर वरच चढत जातं, खाली ओढलं की अडकतं. म्हणजे एकाच वस्तूला एका दिशेने सरकायला सोपं आणि दुसऱ्या दिशेने अवघड. सापाच्या पोटाखालचे रुंद खवले कौलांसारखे एकावर एक, मागे तोंड करून बसलेले असतात, त्यामुळे पुढे घसरायला कमी घर्षण, मागे जायला जास्त, आणि बाजूला जायला सगळ्यात जास्त. अमेरिकेतले संशोधक डेव्हिड हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे नीट मोजलं. गुंगी दिलेले साप कापड लावलेल्या फळीवर ठेवून फळी तिरकी करत गेले आणि कधी घसरतो ते बघितलं, तर आडव्या दिशेचं घर्षण पुढच्या दिशेपेक्षा जवळजवळ दुप्पट निघालं. गुळगुळीत फळीवर मात्र सगळ्या दिशांना सारखंच. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे त्यांनी सापाला कापडाची बाही घातली, खवले झाकले गेले, आणि साप तेवढाच जोर लावून, तसाच वळवळत, जागच्या जागी राहिला.

तुमची धामण त्या बाहीतल्या सापासारखीच झाली होती. टाइलवर खवल्याच्या कडेला अडकायला खाच नाही आणि बाजूला रेटायला दगड नाही. पुन्हा आली तर लांब उभे राहा, दार उघडं ठेवा, सर्पमित्राला फोन करा. आणि तोवर ती सरकत सरकत दाराजवळच्या काथ्याच्या पायपुसण्यावर पोचली तर नीट बघा, त्या दोन फुटात तिची चाल एकदम बदललेली दिसेल.

आम्ही चौघं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी १२ सर्व्हो मोटरचा (सांगितलेल्या अंशापर्यंत वळणारी मोटर) साप करतोय. प्रत्येक सांध्याला साइन वेव्ह (एकसारखी वर-खाली होणारी लाट) दिली आहे. स्क्रीनवर मस्त चालतो, लॅबच्या फरशीवर जागेवरच हलतो. कोडमध्ये चूक आहे का? (पुण्याहून)

कोड बहुतेक बरोबर असणार, चूक पोटाखाली आहे. वरचं उत्तर वाचलंत तर लक्षात येईल की तुमचा साप म्हणजे टाइलवरची धामण. थ्रीडी प्रिंटचे गुळगुळीत तुकडे सगळ्या दिशांना सारखेच घसरतात, मग डावीकडे जेवढं ढकललं तेवढं उजवीकडे, आणि पुढे शून्य.

याचं उत्तर पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी मिळालेलं आहे. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या शिगेओ हिरोसे यांनी १९७२ मध्ये पहिला सापासारखा चालणारा रोबोट केला, दोन मीटर लांब, २० सांधे, सेकंदाला साधारण ४० सेंटिमीटर वेग. त्याच्या चाकांना मोटर नव्हती. म्हणजे मोटरी होत्या त्या फक्त सांधे डावी-उजवीकडे वळवायला, आणि प्रत्येक तुकड्याखाली साधी मोकळी फिरणारी चाकं. सायकल उभी धरून पुढे ढकला, बोटाने जाते, आता तीच आडवी ढकलून बघा. ते चाक म्हणजेच सापाचा खवला, पुढे सोपं, बाजूला अवघड. हिरोसेंनी खऱ्या सापांकडे बघून जो वक्र मांडला त्याला सर्पेनॉइड वक्र म्हणतात, आणि इथे बरीच मुलं गोंधळतात: सापाचं अंग साइन वेव्हच्या आकाराचं नसतं, अंगाचं वळण किती आहे ते साइन वेव्हने बदलतं. सांध्याच्या अँगलला साइन दिली की हा वक्र जवळपास आपोआप मिळतो, म्हणजे तुम्ही केलंय ते योग्यच आहे.

आता कामाचं. प्रत्येक तुकड्याखाली एक जोडी चाकं लावा, आस अंगाला आडवा, चाक अगदी हलकं फिरलं पाहिजे, आणि चाकाला रबराची रिंग लावा, नाहीतर प्लास्टिकचं चाकपण बाजूला घसरतं. सगळ्या चाकांनी एकदम जमिनीला टेकायला हवं, एक सांधा जरी पिळलेला असला तरी दोन-तीन चाकं हवेत राहतात आणि मग कुठे चुकतंय तेच कळत नाही. अंगात एक पूर्ण लाट हवी असेल तर १२ सांध्यांत दोन शेजारच्या सांध्यांचा फेज फरक, म्हणजे एकाची लाट दुसऱ्याच्या किती मागे आहे ते, ३० अंश ठेवा. अँगल ३० ते ४० अंशांपर्यंत ठेवून सुरुवात करा, आधी हळू. वळायचं असेल तर सगळ्या सांध्यांना थोडा सारखाच जादा अँगल द्या, लाट तशीच राहते आणि अख्खा साप एका बाजूला झुकून वळतो. आणि कृपा करून १२ सर्व्हो आर्डुइनोच्या, म्हणजे मोटरींना हुकूम देणाऱ्या छोट्या बोर्डच्या, पाच व्होल्टच्या पिनवरून चालवू नका, दोन-तीन मोटरी एकदम अडल्या की व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रिसेट होतो, मुलं आठ दिवस कोडमध्ये चूक शोधत बसतात. मोटरींना वेगळी बॅटरी, ग्राउंड मात्र दोघांचं एक.

चाकं लावायची नसतील आणि खऱ्या सापासारखं करायचं असेल तर खालचं अजगराचं उत्तर वाचा.

आमच्याकडे कातळावर फुरसं खूप. ते इतर सापांसारखं सरळ जात नाही, तिरकं तिरकं उड्या मारल्यासारखं जातं. असं का? (देवगडहून)

तुम्ही अगदी बरोबर बघितलंय. याला मराठीत पक्का शब्द नाही, मी तिरपी चाल म्हणते. फुरसं ही चाल नेहमी वापरतं, अमेरिकेच्या वाळवंटातला साइडवाइंडर नावाचा रॅटलस्नेक तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. यात अंगाला एक नाही तर दोन लाटा असतात, एक डावी-उजवी आणि एक वर-खाली, आणि वर-खालीची लाट पाव फेरा मागे-पुढे असते. त्यामुळे अंगाचे एक-दोन भाग जमिनीवर स्थिर टेकलेले आणि मधले भाग उचललेले, उचललेला भाग पुढे नेऊन टेकवायचा, मग आधीचा उचलायचा. म्हणजे घसरणं जवळजवळ नाहीच. आपण पाऊल टाकतो आणि ते टेकलेलं असताना हलत नाही, तसंच हे, पाय नसताना टाकलेली पावलं. वाळूवर बघितलंत तर एकसलग रेघ दिसत नाही, तिरक्या वेगवेगळ्या रेघा दिसतात, एकीला एक समांतर.

भुसभुशीत वाळूच्या चढावर काय करायचं हे रोबोटला कळत नव्हतं. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाचा साप-रोबोट वाळूच्या चढावर घसरत होता, तेव्हा जॉर्जिया टेकच्या लोकांनी अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयात वाळूची मोठी पेटी तिरकी करून तिच्यावर खरे साइडवाइंडर सोडले. उत्तर साधं निघालं. चढ जितका जास्त, तितकी अंगाची जास्त लांबी साप वाळूवर टेकवतो, जोर वाढवत नाही, टेकलेली जागा वाढवतो, म्हणजे वाळू खालून ढासळत नाही. तेच रोबोटला शिकवलं आणि तो चढला. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. आणि २०२१ मध्ये आणखी एक गंमत समोर आली, बहुतेक सापांच्या पोटखवल्यांवर सूक्ष्मदर्शकाखाली मागे वळलेले बारीक काटे दिसतात, पण अमेरिका आणि आफ्रिकेतल्या तिरपे चालणाऱ्या सापांत ते काटे नाहीसे झालेत किंवा अगदी छोटे उरलेत आणि त्यांच्या जागी बारीक खळगे आहेत. ज्याला घसरायचंच नाही त्याला दिशा ठरवणारा खवला उलट अडचणच करतो, त्याला सगळ्या दिशांना सारखी पकड हवी.

बघायचं ते लांबूनच बघा. फुरसं लहान दिसतं पण आपल्याकडच्या चार मोठ्या विषारी सापांपैकी एक आहे, आणि करवत घासल्यासारखा आवाज आला की तो इशारा समजायचा.

माझे आजोबा मेळघाटात वनखात्यात होते. ते म्हणायचे अजगर बरगड्यांवर चालतो. तो वळवळत नाही, रेल्वेसारखा सरळ जातो, हे मीही पाहिलंय. आजोबांचं बरोबर होतं का? (नागपूरहून)

आजोबांच्या बाजूने फार मोठी माणसं होती. १८१२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एव्हरार्ड होम यांनी हेच लिहिलं होतं, साप हातावरून सरकताना बरगड्यांची टोकं पावलांसारखी एकामागून एक लागतात असं वाटतं म्हणून. वाटणं खरंच आहे, पण कारण वेगळं निघालं.

१९५० मध्ये लिसमन यांनी बोआ सापावर काम केलं, आणि २०१८ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठाच्या न्यूमन आणि जेन या दोघांनी स्नायूंत बारीक तारा घालून कुठला स्नायू कधी काम करतो ते नोंदवलं. बरगड्या मणक्याच्या तुलनेत मागे-पुढे हलतच नाहीत. हलते ती कातडी. बरगडीपासून कातडीपर्यंत तिरके स्नायू आहेत, एक संच पोटाची कातडी पुढे ओढतो, मग तो भाग जमिनीवर टेकतो आणि तिथेच थांबतो, मग दुसरा संच त्या थांबलेल्या कातडीच्या आधाराने आतला अख्खा सांगाडा पुढे ओढून घेतो. कातडी पुढे, मग हाडं पुढे, मग पुन्हा कातडी. आणि हे अंगावर एकाच वेळी तीन-चार ठिकाणी वेगवेगळ्या टप्प्यात चालू असतं, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला झटका दिसत नाही, अजगर एकसारखा वाहत गेल्यासारखा दिसतो. गोधडीच्या आत शिरलेलं पोर गोधडीसकट सरकतं ना, आधी गोधडी ओढून पुढे टाकतं आणि मग स्वतः पुढे होतं, जवळजवळ तसंच.

यात खवला नुसता पडून राहत नाही हेही लक्षात घ्या. हू आणि हमीद मारवी यांच्या २०१२ च्या कामात दिसलं की शुद्धीवरचा साप खवल्यांचा कोन बदलून बेशुद्ध सापाच्या जवळपास दुप्पट घर्षण मिळवू शकतो. खवला हवा तेव्हा उभा, नको तेव्हा आडवा.

मला स्वतःला सॉफ्ट रोबोटमधलं, म्हणजे रबर-सिलिकॉनच्या मऊ अंगाच्या रोबोटमधलं, सगळ्यात आवडतं काम इथूनच निघालंय. हार्वर्डमध्ये २०१८ साली अहमद रफसंजानी, काटिया बर्टोल्डी आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनची एक साधी फुगणारी नळी घेतली आणि तिच्याभोवती प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळला, ज्याला लेसरने ओळीने छोटे काप दिले होते. जपानी कागदकामात याला किरिगामी म्हणतात. हवा भरली की नळी लांब होते, कागद ताणला जातो, कापांचे कोपरे खवल्यांसारखे उभे राहतात आणि जमिनीत रुततात. हवा काढली की मागचं अंग पुढे ओढलं जातं आणि खवले पुन्हा बसतात. बास. एक नळी, एक पंप, मोटर नाही, सांधे नाहीत, आणि तरी तो पुढे जातो. त्यांनी कापांचे चार आकार करून बघितले, त्रिकोणी, गोल, सरळ आणि समलंब, आणि समलंब आकार, जो सापाच्या खवल्याच्या सगळ्यात जवळचा, तोच जास्त लांब पल्ला मारणारा निघाला. पुण्याच्या चौघांनी हे करून बघायला हरकत नाही, लेसर कटर बहुतेक कॉलेजात असतो.

मी फौंड्रीत काम करतो. आमच्यासाठी मशीन म्हणजे लोखंड. रबराचा रोबोट वजन काय उचलणार? हे खेळणं नाही का? (कोल्हापूरहून)

तुमच्या फौंड्रीतून माल घेऊन जो ट्रक निघतो तो रबर आणि हवेवरच उभा असतो. म्हणजे रबर कमकुवत नाही, फक्त हवा कोंडायची कशी यावर सगळं आहे.

रबराच्या स्नायूची जुनी गोष्ट आहे. १९५० च्या दशकात जोसेफ मॅककिबेन नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाच्या मुलीला पोलिओ झाला, तिच्या हाताला आधार म्हणून त्यांनी हवेचा स्नायू वापरला, आत रबरी नळी आणि वर विणलेली जाळी. लसणाची जाळीची पिशवी आतून फुगवली तर जाडी वाढते आणि लांबी कमी होते, तेच इथे. हवा भरली की स्नायू आखडतो आणि चांगला जोर लावतो. असे स्नायू आजही वापरात आहेत.

मग मऊ कशासाठी? पोलाद सिलिकॉनपेक्षा लाखो पट ताठ. ताठ वस्तूला प्रत्येक खड्डा आधी मोजावा लागतो, मग त्याप्रमाणे सांधा वळवावा लागतो. मऊ वस्तू खड्ड्यावर पडली की आपोआप त्याच्या आकाराची होते, कुणी सांगावं लागत नाही. साप दगडावर टेकतो तेव्हा तो दगडाचा आकार मोजत बसत नाही, त्याचं अंग दगडाला बिलगतं. हार्वर्डच्याच जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने २०११ मध्ये चार पायांचा सिलिकॉनचा रोबोट दाखवला, तो कमी उंचीच्या फटीखालून चपटा होऊन पलीकडे गेला.

घरी करून बघायचं असेल तर लांबट फुगा घ्या, न फुगवता त्याच्या एका बाजूला उभी सेलोटेपची पट्टी चिकटवा आणि मग फुगवा. टेपची बाजू ताणली जात नाही, दुसरी ताणते, फुगा वाकतो. सॉफ्ट रोबोटची बरीचशी बोटं याच तत्त्वावर चालतात, एका बाजूला ताणणारं सिलिकॉन आणि दुसऱ्या बाजूला न ताणणारा कागद किंवा कापड.

तोटेही सांगते, कारण तुमची शंका पूर्ण चुकीची नाही. गळती लागते. पंप आणि व्हॉल्व्ह जड, म्हणून बरेच मऊ रोबोट अजून नळीने टेबलावरच्या पंपाला बांधलेले असतात. ओतकामात तुम्हाला माहीतच आहे की आत हवा राहिली की माल गेला, सिलिकॉनचं तेच, दोन भाग एकत्र करताना बुडबुडे शिरतात, ते व्हॅक्युममध्ये काढले नाहीत तर फुगवताना बरोबर त्याच जागी फुटतं. मी पहिला साचा ओतला तेव्हा तीन नळ्या अशाच गेल्या, चौथ्याला थांबून वीस मिनिटं व्हॅक्युम दिला आणि ती टिकली. आणि एक गोष्ट फार बोलकी आहे, एमआयटीमध्ये २०१३ मध्ये ओनाल आणि डॅनिएला रस यांनी सिलिकॉनचा हवेवर चालणारा साप केला, अंग मऊ, लाट सुंदर, पण पोटाखाली चाकं लावावीच लागली. पकडीचा प्रश्न अंग मऊ केल्याने सुटत नाही, तो वेगळाच सोडवावा लागतो.

सापाला किती हाडं असतात? मग रोबोटला तेवढे सांधे का नाही लावत? (ठाणे, इयत्ता आठवी)

मणके साधारण २०० ते ४००, जातीप्रमाणे कमी-जास्त, आणि शेपूट सोडली तर बहुतेक प्रत्येक मणक्याला बरगड्यांची एक जोडी. एकेक सांधा थोडासाच वळतो पण सगळे मिळून वेटोळं होतं. शिवाय सापाच्या मणक्यांना आपल्यापेक्षा जादा खाचा असतात, एकाचा खुंटा दुसऱ्याच्या खाचेत बसतो, म्हणून अंग वाकतं पण दोरीसारखं पिळलं जात नाही. रोबोटमध्ये प्रत्येक सांध्याला एक मोटर लागते, मोटर जड असते, ती हलवायला आणखी जोर हवा, म्हणून सहसा १०-२० सांध्यांवर थांबतात. तू छान विचारलंस. मणके मोजायचे असतील तर संग्रहालयात सांगाडा बघ, जिवंत सापाच्या वाटेला जाऊ नकोस.

पावसाळ्यात आंबोलीच्या रस्त्यावर गांडुळासारखा चकचकीत साप दिसतो, शेपूट तोडल्यासारखी बोथट. लोक दुतोंड्या म्हणून मारतात. हा चालतो कसा, जमिनीत घुसतो कसा? (सावंतवाडीहून)

तो खापरखवल्या असणार, आणि तो अजिबात विषारी नाही, कृपया लोकांना सांगा. गांडुळं खातो, जमिनीत राहतो, पावसात बिळं भरली की वर येतो. शेपटीच्या टोकाला खरखरीत ढाल असते, तिच्यावर माती चिकटते आणि मागून बीळ बंद होतं. या कुळातले साप जगात फक्त दक्षिण भारत, सह्याद्री आणि श्रीलंका एवढ्याच भागात आहेत, म्हणजे हा आपला घरचा साप.

आणि याच्याकडे असलेली युक्ती बहुतेक सापांकडे नाही. साधा साप पाइपमधून जाताना अंगाच्या घड्या भिंतीला दाबून अडकतो, पुढचा भाग लांबवतो, तो अडकवतो, मग मागचा ओढतो, हार्मोनियमच्या भात्यासारखं. ही चाल फार महाग, अमेरिकेतल्या एका सापावर मोजलं तेव्हा नागमोडी चालीच्या सातपट ऊर्जा लागली. खापरखवल्याला बिळात घड्या घालायला जागाच नसते, म्हणून तो कातडीच्या आत फक्त मणक्याला घड्या घालतो. बाहेरून अंग सरळ दिसतं पण तिथे ते जाड होतं आणि मातीत पाचरीसारखं बसतं, मग त्या पाचरीच्या आधारावर टोकदार डोकं पुढे रेटतो. सगळी ताकद अंगाच्या पुढच्या भागात, तिथले स्नायू गडद लाल, दमाचे, मागचे फिकट. कार्ल गान्स आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये याला मालगाडीची पद्धत म्हटलं, पुढे इंजिन, मागे नुसते डबे.

रोबोटवाल्यांनी याच्याकडे अजून पुरेसं बघितलेलं नाही असं माझं मत आहे. बाहेरची नळी तशीच ठेवून आतली काठी वाकवायची आणि जाडी वाढवायची, ही कल्पना पाइप तपासणाऱ्या रोबोटसाठी अगदी हाताशी पडलेली आहे, आणि ती शिकायला बाहेरच्या मुलांना इथे यावं लागेल, आपल्याला फक्त घाटात जावं लागेल.

१९९३ च्या भूकंपात आमच्या घरातली तीन माणसं गेली. तेव्हा असा साप-रोबोट असता तर ती वाचली असती का? (उमरग्याहून)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. खरं तेच लिहिते.

असे रोबोट खऱ्या ढिगाऱ्यात गेले आहेत. सप्टेंबर २०१७ मध्ये मेक्सिको सिटीत भूकंप झाला तेव्हा कार्नेगी मेलनचा साप-रोबोट कोसळलेल्या इमारतीत उतरवला, टोकाला कॅमेरा आणि दिवा, मागे वायर. त्यात कुणी जिवंत सापडलं नाही, पण माणूस किंवा कुत्रा जाऊ शकत नव्हता अशा फटींतलं चित्र बाहेर आलं.

पण ती काँक्रीटची इमारत होती. काँक्रीटचे स्लॅब पडताना एकमेकांवर तिरके टेकतात, खाली पोकळ्या राहतात, त्या पोकळ्यांत माणूस काही काळ जगतो आणि त्याच पोकळ्यांतून रोबोट जातो. किल्लारीच्या आणि तुमच्या भागातली घरं वेगळी होती, दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडावर मातीचं जड माळवद. पहाटे चारच्या सुमाराला सगळे झोपेत असताना भिंती दोन्ही बाजूंना फुटल्या आणि माळवदाची माती खाली आली, आणि मातीने पोकळ्या भरून टाकल्या. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली त्यात हे मोठं कारण आहे. १९९३ चा किंवा २०१७ चा, कुठलाही सांध्यांचा साप-रोबोट त्या मातीतून गेला नसता. त्याला फट लागते.

मातीतून जाऊ शकेल अशी एक वेगळी जात मात्र २०१७ पासून तयार होतेय. स्टॅनफर्डच्या अॅलिसन ओकामुरा, इलियट हॉक्स आणि सहकाऱ्यांनी वेलीसारखा रोबोट केला. पातळ प्लास्टिकची लांब पिशवी, आत उलटी घातलेली. उशीचा अभ्रा उलटा करून आतून फुंकला तर टोकाकडून तो सुलटा होत लांब होत जातो, तसंच. टोक पुढे वाढतं, बाकी अंग जिथे टेकलंय तिथेच राहतं, कुठेही घासत नाही. ७२ मीटरपर्यंत वाढवून दाखवलाय, गोंदावरून गेला, खिळ्यांवरून गेला, भोक पडलं तरी हवा येत राहिली तोवर वाढत राहिला. आणि २०२१ मध्ये त्यांतल्याच हॉक्स यांच्या सांता बार्बरा इथल्या गटाने जॉर्जिया टेकबरोबर त्याचं जमिनीत घुसणारं रूप केलं, टोकातून हवेचा झोत सोडायचा, समोरची वाळू क्षणभर पातळ होते आणि नळी तिच्यातून पुढे जाते. वाळूत ते जमलंय. दगड मिसळलेल्या, माळवदाच्या घट्ट मातीत ते जमायला अजून वेळ आहे.